पोट आणि ‘मी’



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन, फार तर संपांच्या इतिहासावर बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. मी विषय कळवला तेव्हा चिटणीस क्षणभर गप्पच राहिले. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज कवींच्या पोटाविषयी नि पचनाविषयी काय कल्पना होत्या, हा युनियनच्या माणसाचा विषय कसा, असे त्यांच्या मनात आले असल्यास नवल नाही. म्हणून मी या विषयाकडे कसा आलो तेवढे आधी सांगतो.

पंधरासोळा वर्षांपूर्वी एका कारखान्यात पगारवाढीची बोलणी चालू होती. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण त्याच्याशी आजच्या विषयाला कर्तव्य नाही. समोर बसलेले अधिकारी सुशिक्षित आणि बोलण्यात गोड. आमच्या मागण्या ऐकून घेतल्यावर त्यांनी कागद बाजूला सारले आणि एक गोष्ट सांगितली. एकदा हात, पाय, दात या सर्वांनी पोटाविरुद्ध तक्रार केली. राबायचे आम्ही आणि बसून खायचे याने! सर्वांनी काम बंद केले. पोट उपाशी राहिले खरे, परंतु चार दिवसांत हातपायही गळून गेले. तेव्हा कोठे त्यांना उमगले की पोट खाते ते सर्वांसाठी. ‘कंपनी म्हणजे पोट आहे,’ ते म्हणाले, ‘ते भरले तर तुमच्यापर्यंत पोचेल.’ गोष्ट संपवून त्यांनी चहा मागवला. माझे सहकारी हसले, मीही हसलो. कारण उत्तर सुचले नाही. घरी जाताना लोकलमध्येही ते सापडले नाही. ही गोष्ट या गृहस्थांनी आणली कोठून, हा प्रश्न मात्र डोक्यात घर करून बसला. आपल्या उपनिषदांत इंद्रियांचे भांडण आहे, पण तेथे जिंकतो तो प्राण. पोटाची गोष्ट निराळी.

माझे शिक्षण रात्रशाळेतले. इंग्रजी वाचतो ते शब्दकोश शेजारी ठेवून. त्यामुळे दुसऱ्या कोणाला एका दुपारी सापडले असते ते सापडायला मला वर्ष लागले. गोष्ट निघाली रोमची. इ. स. पूर्व ४९४ मध्ये कर्जाखाली पिचलेले सामान्य रोमन नागरिक शहर सोडून डोंगरावर जाऊन बसले. त्यांची समजूत घालण्यास मेनेनियस अग्रिप्पा नावाचा मुत्सद्दी गेला आणि त्याने ही गोष्ट सांगितली, असे जुने इतिहासकार लिहितात. तेथून ती शेक्सपियरच्या ‘कोरिओलेनस’ नाटकात आली. त्या नाटकाविषयी जे मिळेल ते वाचत असता मायकेल शोनफेल्ट या अमेरिकन पंडिताचा १९९७ सालचा एक निबंध हाती पडला. त्याचा विषयच मुळी शेक्सपियरच्या काळातील इंग्लंडातल्या पोटाच्या कथा हा होता! हे गृहस्थ तेव्हा मिशिगन विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. दोनच वर्षांनी, १९९९ साली, केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने त्यांचा ‘बॉडीज अँड सेल्व्ज इन अर्ली मॉडर्न इंग्लंड’ हा ग्रंथ काढला. शरीर आणि स्वत्व यांचा त्या काळी कसा संबंध मानीत, याचा त्यात शोध आहे. आज मी बोलणार आहे ते या ग्रंथाच्या अनुषंगाने. त्यातले कौतुक करण्याजोगे काय, ते सांगेन. आणि तो वाचून मनात काय राहिले, तेही सांगेन.

आज आपण ‘मी’ म्हणतो तेव्हा हा ‘मी’ कोठे असतो? कोणी विचारलेच तर आपण डोक्याकडे बोट दाखवू. शरीर म्हणजे त्या ‘मी’चे घर, फार तर त्याचे वाहन. युरोपात ज्याला रेनेसान्स किंवा प्रबोधनकाळ म्हणतात, त्या पंधराव्या ते सतराव्या शतकांत असे कोणी मानीत नसे. तेव्हाचे वैद्यक हे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलन या ग्रीक वैद्याचे. शरीरात चार रस आहेत: रक्त, कफ, पिवळे पित्त नि काळे पित्त. त्यांचे जसे मिश्रण तसा माणसाचा स्वभाव. रक्त अधिक तर आनंदी, पिवळे पित्त अधिक तर रागीट, काळे पित्त अधिक तर उदास. आपल्याला येथे त्रिदोषांची आठवण होईल, परंतु ही परंपरा वेगळी. आपल्याकडे ती आली ती हकिमांबरोबर. युनानी वैद्यकातील जालीनूस म्हणजे हाच गेलन. अरबीत या मिश्रणाला ‘मिजाज’ म्हणतात. आपली मराठी ‘मिजास’ ती हीच. एखाद्याला आपण ‘भारी मिजास आहे बुवा तुझी’ म्हणतो, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक वैद्यक बोलत असतो, हे आपल्या गावीही नसते.

आता हे रस येतात कोठून? तर अन्नातून. अन्न तीनदा शिजते असे ते मानीत. पहिला पाक जठरात, तेथे अन्नाचा पातळ रस होतो. दुसरा यकृतात, तेथे त्याचे रक्त नि इतर रस बनतात. तिसरा पाक प्रत्यक्ष अवयवांत, तेथे रक्ताचे मांस होते. लॅटिनमध्ये पचनाला जो शब्द आहे त्याचा अर्थ एकत्र शिजवणे; आपल्या ‘पचणे’ या शब्दातही शिजवणे आहेच. रक्तातला जो सूक्ष्म अंश, तोच हृदयातून मेंदूपर्यंत चढत जाऊन विचार नि इच्छा यांचे काम करतो. म्हणजे सकाळी खाल्लेली भाकरी संध्याकाळी विचार होते! माणसाचे आतलेपण ही त्या काळी उपमा नव्हती. आत म्हणजे खरोखरच बरगड्यांच्या आत. शोनफेल्ट यांचे म्हणणे असे की स्पेन्सर, शेक्सपियर, हर्बर्ट, मिल्टन हे कवी भूक, पचन, मळमळ यांच्या भाषेत मनाविषयी बोलतात तेव्हा आपण त्याला अलंकार समजतो, तो अलंकार नव्हे. ते त्यांचे मानसशास्त्र आहे. मिल्टनच्या १६६७ सालच्या महाकाव्यात स्वर्गातून आलेला देवदूत आदमच्या पंक्तीला बसतो आणि अगदी खरोखर जेवतो नि पचवतो. मिल्टन ते ठासून सांगतो. आम्हां वाचकांना त्याचे हसू येते. मिल्टनला येत नव्हते.

असे असता स्वत्व ही जन्मजात, ठरून गेलेली वस्तू राहत नाही. ते रोज करावे लागते. काय खावे, किती खावे, केव्हा झोपावे, रागाला कोठे आवरावे, आतील मळ कसा बाहेर टाकावा, हे सारे ज्याने त्याने पाहायचे. यावरची पुस्तके त्या काळी पुष्कळ निघाली. सर थॉमस एलियट या सरदाराने १५३९ च्या सुमारास ‘द कॅसल ऑफ हेल्थ’, म्हणजे आरोग्याचा किल्ला, नावाचे पुस्तक लिहिले, तेही लॅटिनमध्ये नव्हे, इंग्रजीत. हा वैद्य नव्हता. वैद्यमंडळी रागावली. त्यावर त्याने जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा की ग्रीकांनी ग्रीकमध्ये लिहिले, अरबांनी अरबीत लिहिले, मग आम्हीच आमच्या मायबोलीत का लिहू नये? मला हा मनुष्य त्या एका वाक्यासाठी आवडतो. पुढे १६४९ मध्ये निकोलस कल्पेपर याने लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाचा लॅटिन औषधिकोश परवानगीवाचून इंग्रजीत उतरवला, तेव्हाही असाच गहजब झाला. आपल्या शरीराविषयी आपणच वाचावे, हे फार काळ कोणाला तरी खुपत आले आहे.

परंतु ही पथ्यापथ्याची पुस्तके काही भाबडी नव्हती. अँड्र्यू बूर्ड नावाचा वैद्य १५४२ च्या सुमारास लिहितो की खारवलेले डुकराचे मांस गाडीवानांना नि नांगरणाऱ्यांना मानवते. नाजूक पोटाला नाजूक अन्न, राबणाऱ्या पोटाला जाडेभरडे. गरिबाला जे परवडते तेच त्याच्या प्रकृतीला योग्य, असे शास्त्र सांगू लागले की मालकाला किती बरे वाटत असेल!

आता शोनफेल्ट यांचा मुख्य मुद्दा. त्यांच्या आधी १९८० साली स्टीफन ग्रीनब्लाट या पंडिताने प्रबोधनकाळातील ‘स्वतःला घडवणे’ या विषयावर गाजलेला ग्रंथ लिहिला होता. त्याचा रोख असा की त्या काळचा माणूस स्वतःला घडवतो असे म्हणतो खरा, पण पाहू गेले तर त्याला राजसत्ता नि धर्मसत्ता घडवत असते. गेल कर्न पास्टर या विदुषीने १९९३ मध्ये दाखवले की शरीराच्या स्रावांविषयीची लाज माणसाला, विशेषतः स्त्रीला, कसे जखडून टाकी. शोनफेल्ट या दोघांहून वेगळे बोलतात. स्वतःवर घातलेला निर्बंध म्हणजे नेहमीच दुसऱ्याने घातलेली बेडी नव्हे, असे ते म्हणतात. ज्या माणसाच्या हाती ना राज्य, ना देवळाची किल्ली, त्याच्या हाती निदान स्वतःचा घास होता. त्या घासावर ताबा मिळवून तो स्वतःचा धनी होत असे. त्यांना त्या संयमात मोकळेपणा दिसतो.

आमच्या चळवळीतील पुष्कळांना हे पटणार नाही. मला ते पटले, आणि पुस्तकांमुळे नव्हे. माझ्या एका सहकाऱ्याने ऐन चाळिशीत दारू सोडली. सहा महिन्यांनी तो मला म्हणाला, ‘पूर्वी पगाराच्या दिवशी पाय कोठे वळतात ते पायांनाच ठाऊक. आता वळतात ते मी वळवतो.’ या ‘मी वळवतो’मध्ये जे आहे ते शोनफेल्ट यांनी चारशे वर्षांपूर्वीच्या कवितांतून शोधून काढले. त्याला गुलामगिरी म्हणणारा माणूस कधी पगाराच्या दिवशी गुत्त्यासमोर उभा राहिलेला नसावा.

जॉर्ज हर्बर्ट हा खेड्यातला पाद्री आणि मोठा कवी. १६३३ मध्ये चाळिशी गाठण्याआधीच वारला. त्याने लुइजी कोर्नारो या इटालियन सरदाराच्या मिताहारावरील पुस्तकाचे भाषांतर केले होते, ते त्याच्या पश्चात १६३४ मध्ये छापले गेले. हा कोर्नारो तरुणपणी चैनीने आजारी पडला. मग त्याने रोज बारा औंस अन्न नि चौदा औंस मद्य असे माप ठरवले आणि तो ऐंशी ओलांडून जगला. एकदा आप्तांच्या आग्रहास्तव दोन दोन औंस वाढवले, तर म्हणे आजारीच पडला. पाद्रीबुवांना यात ईश्वराकडे जाण्याची वाट दिसली. मला मात्र पुस्तक वाचताना राहून राहून वाटे की या गृहस्थाने बारा औंस मोजून घेतल्यावर ताटाबाहेर जे उरले, ते कोठे तरी होतेच ना? ज्याच्या घरात चाळीस औंस आहेत त्यानेच बारा मोजावेत. ज्याच्या घरात आठ आहेत त्याने काय मोजायचे?

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, उपास आणि उपासमार. पोटाला विचाराल तर त्याला यांतला भेद कळत नाही. दोन्ही दिवशी तीच कळ, तीच गुडघ्यांतली भोवळ. भेद कळतो तो ‘मी’ला. उपास मी करतो. उपासमार माझी होते. शोनफेल्ट यांचा ग्रंथ हा उपासाचा फार सुंदर इतिहास आहे. उपासमारीचा इतिहास त्याच कवींच्या आयुष्यात, त्याच कागदांच्या मागल्या बाजूला लिहिलेला आहे. तोही वाचला पाहिजे.

एडमंड स्पेन्सरचेच पाहा. त्याच्या ‘फेअरी क्वीन’ या महाकाव्याची पहिली तीन पर्वे १५९० मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या पर्वाचा विषयच संयम. त्यात अल्मा नावाच्या राजकन्येचा किल्ला आहे, आणि हा किल्ला म्हणजे मानवी शरीर. शोनफेल्ट यांनी एक सबंध प्रकरण त्यावर खर्ची घातले आहे नि ते वाचण्यासारखे आहे. महाद्वार म्हणजे तोंड. आत दोहों बाजूंना सोळा सोळा पहारेकरी चकचकीत चिलखते घालून बसलेले, ते दात. दिवाणखान्याचा कारभारी ‘आहार’, पंक्तीची व्यवस्था पाहणारी ‘भूक’. मग भव्य स्वयंपाकघर, चुलाण्यावर प्रचंड हंडा, त्याला थंड ठेवणारा भाता म्हणजे फुप्फुसे. मुख्य आचाऱ्याचे नाव ‘पाक’, कोठीवरच्या कारकुनाचे नाव ‘पचन’. जे निरुपयोगी ते एका नळातून मागल्या दाराने गुपचूप बाहेर. वर बुरुजात, म्हणजे डोक्यात, तीन ज्ञानी पुरुष: एक पुढचे पाहणारा, एक आजचे तोलणारा, एक मागचे आठवणारा. पाहुणे आलेले सरदार हंडा पाहून थक्क होतात. कारखाना दाखवावा तसा कवीने माणूस दाखवला आहे, आणि मला कबूल केले पाहिजे की इतका नीट चाललेला कारखाना मी जन्मात पाहिला नाही.

पण या किल्ल्याला वेढा पडलेला आहे. सात वर्षे बाहेर एक झुंड धडका मारते आहे. ती कोण? कवी सांगतो, फाटक्या कपड्यांची, ओबडधोबड, गंजकी हत्यारे घेतलेली माणसे. टीकाकार सांगतात की हे विकार नि वासना. बरोबर आहे. परंतु त्या झुंडीला कवीने उपमा दिली आहे ती आयर्लंडातील ॲलनच्या दलदलीतल्या चिलटांची. आयर्लंड का? कारण कवी तेथे राहत होता. १५८० पासून तो तेथल्या इंग्रज सुभेदाराचा चिटणीस होता. मन्स्टर प्रांतातील बंड मोडल्यावर आयरिश लोकांची जप्त केलेली जमीन इंग्रजांना वाटली गेली, तीत त्याला किलकोल्मन येथे तीन हजार एकरांची जहागीर मिळाली होती. त्या बंडात उभी पिके जाळली गेली होती, गुरे मारली गेली होती, आणि मन्स्टरमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. १५९६ च्या सुमारास स्पेन्सरने आयर्लंडच्या स्थितीवर एक संवाद लिहिला. तो छापला गेला १६३३ मध्ये. उभे राहता न येणारी, हातांवर रांगत रानातून बाहेर येणारी माणसे त्यात त्याने वर्णिली आहेत. वाचताना हात थरथरतो. आणि हेच वर्णन तो पुढच्या बंडावरचा उपाय म्हणून मांडतो: शेती करू देऊ नका, गुरे चरू देऊ नका, म्हणजे ते लवकरच आपले आपणच संपतील.

पोटाविषयी इतके सूक्ष्म ज्ञान असलेला कवी! हंडा कसा शिजतो, भाता कसा चालतो, हे ज्याने इतक्या मायेने लिहिले, त्याला तो हंडा रिकामा ठेवला तर काय होते हेही नेमके ठाऊक होते. संयम हा सद्गुण किल्ल्याच्या आतल्यांसाठी; बाहेरच्यांसाठी उपासमार हे राजकारण. १५९८ मध्ये आयरिश बंडखोरांनी किलकोल्मन जाळले. स्पेन्सर लंडनला पळून आला नि १५९९ च्या जानेवारीत वारला. तो भाकरीवाचून मेला असे बेन जॉन्सन हा नाटककार पुढे एका मित्रापाशी बोलताना म्हणाला. पंडितांना ही कथा अतिशयोक्तीची वाटते. ती खरी असो वा नसो, समाधान वाटावे असे तीत काही नाही.

आता माझ्या गोष्टीकडे वळतो. ‘कोरिओलेनस’ लिहिले गेले ते १६०८ च्या सुमारास. पडदा उघडताच हातांत दांडकी घेतलेले उपाशी नागरिक रंगमंचावर येतात. प्लूटार्कच्या मूळ कथेत लोक शहर सोडून गेले ते सावकारीच्या जाचामुळे; धान्यटंचाईचा दंगा त्यानंतरचा. शेक्सपियरने धान्य उचलून पहिल्या प्रवेशात आणले नि गोष्ट त्या भुकेल्या जमावाला सांगायला लावली. असे का केले असेल? आदल्याच वर्षी, १६०७ च्या मे-जूनमध्ये, इंग्लंडच्या मध्यभागात नॉर्दॅम्पटनशर, लेस्टरशर आणि शेक्सपियरचे स्वतःचे वॉरिकशर या परगण्यांत शेतकरी उठले होते. जमीनदार गावकीची कुरणे नि शेते मेंढ्यांसाठी कुंपणात घेत होते; लोकांनी ती कुंपणे उपटली, चर बुजवले. त्यांचा पुढारी जॉन रेनल्ड्स नावाचा कल्हईवाला. कमरेला एक बटवा बांधी, म्हणून लोक त्याला बटवेवाला कप्तान म्हणत. या बटव्यात सर्वांचे रक्षण करील असे काही तरी आहे, असे तो सांगे. ८ जूनला न्यूटन येथे जमीनदारांच्या माणसांनी चाळीसपन्नास लोक कापले. कप्तानाला पकडून फाशी दिले. बटवा उघडला तर आत ताज्या चीजचा एक तुकडा.

शेक्सपियर कोणाच्या बाजूचा होता, असे मला अभ्यासवर्गात विचारतात. मी त्यांना एक कागद सांगतो. १५९४ पासून ओळीने पिके बुडाली, धान्य कडाडले, तेव्हा सरकारने साठेबाजांच्या याद्या करवल्या. स्ट्रॅटफर्ड गावची १५९८ च्या फेब्रुवारीतली यादी उपलब्ध आहे. त्यात विल्यम शेक्सपियरच्या नावावर दहा क्वार्टर साठा आहे. (तुम्ही हसलात ते मी समजू शकतो, हे क्वार्टर धान्याचे माप आहे, आठ बुशेलचे.) म्हणजे ऐंशी बुशेल. गावात काहींकडे याहूनही अधिक होते. हा माणूस कोठारवाल्यांपैकी होता, आणि तरीही कोठारवाल्यांना जाब विचारणारा नागरिक त्याने पहिल्याच पानावर उभा केला. नाटककार आणि घरमालक एकाच कातडीत राहत होते.

मेनेनियस गोष्ट सांगू लागतो तेव्हा त्या काळच्या प्रेक्षकाला ती आपल्यासारखी निव्वळ बोधकथा वाटत नसे. पोट हे सर्व शरीराचे कोठार, तेच रक्ताच्या नद्यांतून हृदयाला नि मेंदूला पुरवठा करते, स्वतःपाशी कोंडा तेवढा ठेवते, ही त्यांची शरीरशास्त्राची माहिती होती. शोनफेल्ट यांच्यामुळे मला हे पहिल्यांदा कळले. मुत्सद्दी तेथे शास्त्राच्या नावाने बोलत होता. पोट तर हिशेबही द्यायला तयार आहे, असे तो म्हणतो. येथे मी पुस्तक खाली ठेवले. ताळेबंदाची ही भाषा आमच्या फार परिचयाची. ताळेबंद पोटानेच लिहायचा, पोटानेच तपासायचा, आणि हातपायांनी खाली सही करायची!

शेक्सपियरची करामत अशी की जमाव गुपचूप ऐकत नाही. एक नागरिक मध्येच तोंड घालतो, गोष्ट पुरी होऊ देत नाही, इतर अवयवांची थोरवी स्वतःच सांगू लागतो. मेनेनियसला राग येतो आणि तो त्याला या बंडाचा पायाचा अंगठा म्हणतो. नाटकात या माणसाला नाव नाही, ‘पहिला नागरिक’ एवढेच. आणि मग ती गोष्ट ऐकून लोक घरी गेले काय? नाही. तेवढ्यात बातमी येते की शहराच्या दुसऱ्या भागात जमलेल्या लोकांना सरकारने त्यांच्याच निवडीचे पाच लोकप्रतिनिधी मान्य केले. लिव्हीच्या इतिहासातही डोंगरावरचे लोक उतरले ते आपले प्रतिनिधी पदरात पडल्यावर. आमच्या त्या अधिकाऱ्यांनी गोष्टीचा हा शेवट सांगितला नव्हता. पुढच्या बोलण्यांच्या वेळी मी तो त्यांना सांगितला. ते दिलदारपणे हसले. त्या दिवशी चहा लवकर आला, पगारवाढ आली नाही. ती पुढे वर्षभराने निम्मी मिळाली.

हे सगळे वैद्यक पुढे टिकले नाही. १६२८ मध्ये हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले, त्याने गेलनच्या पायालाच सुरुंग लागला. १६३७ मध्ये देकार्तने ‘मी’ला विचारांत नेऊन बसवले आणि शरीर यंत्र म्हणून वेगळे काढले. तेव्हापासून शिकलेला माणूस पोटाविषयी चारचौघांत बोलेनासा झाला. शोनफेल्ट यांना याची हळहळ वाटते, मलाही थोडी वाटते. स्वत्व पोटात राहत होते तोवर भुकेचा प्रश्न हा निदान मनुष्यत्वाचा प्रश्न तरी होता. माझी त्यांच्या ग्रंथाविषयी तक्रार असलीच तर एवढीच की त्यातले चारही कवी जेवून उठलेले आहेत. रिकाम्या ताटासमोर बसलेला माणूस स्वतःला कसा घडवतो, याच्या कविता फारशा उरत नाहीत; पण माणूस तेथेही घडवतो स्वतःला. ते मी पाहिले आहे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. वडील रिंग खात्यात होते, मी बारा वर्षांचा. चाळीतले पुष्कळ जण गावी निघून गेले. आम्हांला गावी जमीन नव्हती, आम्ही राहिलो. वडील पूर्वीपासून सोमवार करीत. संध्याकाळी शंकराच्या देवळातून आले की भात नि आमटीने सोडीत. पावसाळा उतरेपर्यंत भांडी विकून झाली, वाण्याने उधारी बंद केली, आणि आमच्या घरी सोमवार वाढू लागले. आईने ताटे मांडली की वडील भिंतीला टेकून म्हणत, ‘माझा उपास आहे आज, पोरांना वाढ.’ आठवड्यात दोन सोमवार आले, मग तीन आले. एकदा आई हळूच म्हणाली, ‘अहो, आज बुधवार.’

‘ठाऊक आहे,’ वडील म्हणाले, ‘तांब्याभर पाणी दे.’